ऑइल कधी बदलायचं आणि कुठलं

गेल्या दसऱ्याला मी स्वतःच्या मोटरसायकलचं ऑइल बदललं, गाडी धुऊन पुसून झेंडूचा हार घातला आणि सुमनला, म्हणजे आमच्या मंडळींना, मागं बसवून परळीला मेहुण्याकडं निघालो. केज सोडून तीन-चार किलोमीटर झाले असतील, तोच एक जीप हॉर्न वाजवत बरोबरीला आली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"ओ मिस्त्री, परळीपस्तोर सडा टाकीत चाललाव का?"

थांबून मागं पाहिलं. रस्त्यावर मधाच्या रंगाची बारीक रेघ, थेट केजच्या दिशेनं गेलेली. इंजिनाच्या बुडाला एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं ऑइल खाली येतं, मग तो आवळून वरून नवं भरायचं. मी तो बोटांनी फिरवून बसवला होता. पाना घेणार तेवढ्यात हारवाला आला आणि आवळायचं राहून गेलं. सुमनच्या नव्या साडीचा काठ तेलानं भिजला होता. तिनं आधी काठाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुमच्या दुकानाच्या पाटीवर काय लिवलंय हो?"

"इंजिन स्पेशालिस्ट."

"आज सुट्टी हाय का त्याला?"

पुढचा प्रवास आम्ही त्याच जीपमध्ये केला. ड्रायव्हरनं हा किस्सा वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्याला नव्यानं सांगितला, आणि दर वेळी माझ्याकडं बोट करून सांगितला.

ही हकिगत मी दुकानात एका गिऱ्हाइकाला ऐकवत होतो, तर ते निघाले दिवाळी अंकाचे संपादक. म्हणाले, "मिस्त्री, धंद्यातले अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, "साहेब, माझे अनुभव म्हणजे बहुतेक चुकाच आहेत." ते म्हणाले, "मग तर लिहाच." म्हणून लिहितोय. अक्षर माझं, शुद्धलेखन त्यांचं.

केजला तहसीलच्या रस्त्याला माझं पत्र्याचं शेड आहे. पंचवीस वर्षं झाली. एवढ्या काळात मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच: "मिस्त्री, ऑइल किती दिवसानं बदलायचं?" आणि उत्तर ऐकून ते पाळणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. एक दूधवाले काका तर मी जुनं ऑइल काढलं की त्यात बोट बुडवून बघायचे आणि म्हणायचे, "आरं, अजून ओलं हाय की!" त्यांना वाटायचं, ऑइल वाळल्यावर बदलायचं असतं. दुसरे एक गृहस्थ ऑइल वेळेवर बदलायचे, पण त्यांना गाडीपेक्षा जुन्या ऑइलची काळजी. ते डब्यात भरून घरी न्यायचे. दाराच्या चौकटीला वाळवी लागली होती, तिच्यावर फासायला.

ज्यांनी कधी इंजिन उघडं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आत लोखंडावर लोखंड घासत असतं, मिनिटाला हजारो वेळा. मधे ऑइलचा पातळ पापुद्रा असतो, तेवढ्यावर सगळं चाललेलं. ऑइल ते घासणं सोसतं, उष्णता ओढून घेतं, झिजलेल्या धातूचा कण अन् कण स्वतःत धरून ठेवतं. असं करता करता ते काळं पडतं, पातळ होतं आणि शेवटी दमतं. दमलं की पापुद्रा तुटतो. लोखंडाला लोखंड भिडतं आणि गिऱ्हाईक गाडी ढकलत माझ्याकडं येतं.

कधी बदलायचं, याचं माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं: "अडीच-तीन हजार किलोमीटर झाले की या." हे उत्तर मोडलं ते भागवतअण्णांनी.

भागवतअण्णा केजजवळच्याच एका खेड्यातले. बैल विकल्यापासून ते सोयाबीनची कोळपणी, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं काम, मोटरसायकलनं करतात. आमच्याकडं आता बरेच जण करतात. जुनी गाडी घ्यायची, मागचं चाक काढून तिथं लोखंडी चाक आणि कोळपं बसवायचं, पहिल्या गियरात टाकायची आणि ओळींमधून चालवायची. एका पावसाळ्यात अण्णा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ती गाडी घालून माझ्या दारात आले. इंजिन जाम. किक तसूभर हलेना.

"बब्रू, तूच म्हनलास ना बे, अडीच हजारानं ये म्हनून? हे बघ मीटर. हजार बी न्हाई झाले!"

मीटर खरं बोलत होतं. महिन्यापूर्वी मीच ऑइल बदललं होतं. मी बोल्ट काढला तर डांबर निघालं. मला काही सुधरेना. मी विचारलं, "अण्णा, दिवसाला चालवता किती?"

"सकाळी न्याहारी करून जुपतो, दिस मावळंस्तोर."

"रोज?"

"माझी झाली, भावाची झाली, शेजाऱ्याची चाललीती."

म्हणजे महिनाभर रोज आठ तास, पहिल्या गियरात, माणसाच्या चालीनं. रस्त्यावर पळणाऱ्या गाडीला निदान वारा लागतो, हिला तोही नाही. किलोमीटर हजाराच्या आत, आणि इंजिन आत दोन वर्षांचं राबलेलं. मी अण्णांना हे समजावून सांगायला लागलो, तर त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी तिसरीत नापास झालोय.

"आता हे मला सांगतूस व्हय? बैल किती कोस चालला हे कोन मोजतंय? किती येळ जुपला तेच बघत्यात की!"

तेव्हापासून मी तास विचारायला लागलो. कोळप्याच्या गाडीला वेगळं उत्तर, बाजारहाटाच्या गाडीला वेगळं. आणि या नव्या शहाणपणाचा मला चांगलाच ताठा आला होता, हेही लिहायला हवं. कारण पुढं जे झालं ते त्या ताठ्यामुळं.

दोन वर्षांखाली तांदळे सर दुकानात आले. आमच्याच गावच्या शाळेत ते खेळाचे शिक्षक, मूळचे बीडजवळच्या पालीचे. गळ्यात शिट्टी आणि स्टॉपवॉच कायम. सेहेचाळीस वय, अंगानं काटक. त्यांनी पिकअपमधून जी गाडी उतरवली ती बघायला समोरचा चहावाला गाळणी हातात घेऊन आला.

"सर, सीट चोरीला गेलं का?"

गाडीला सीट नव्हतंच. ही ट्रायल्सची मोटरसायकल. ट्रायल्स म्हणजे जोरात पळवायची शर्यत नाही. माणसाला चढताना हात टेकावे लागतील अशा खडकांवरून, ओढ्यातून, कड्याकपारीतून गाडी न्यायची आणि पाय जमिनीला टेकवायचा नाही. टेकला की गुण गेला. सगळं उभ्यानं, पहिल्या गियरात, तोल सांभाळत. सरांनी ही जुनी गाडी पुण्याच्या एका माणसाकडून घेतली होती आणि दर रविवारी ते पालीला, बिंदुसरेच्या धरणाखालच्या खडकांवर सराव करायचे. तिकडच्या म्हाताऱ्यांना वाटायचं, मास्तरची गाडी अडकली म्हणून मास्तर दर रविवारी तीच काढायला येतो.

या जातीच्या पुष्कळ गाड्या टू-स्ट्रोक असतात. त्यांच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळतात, ते जळून जातं, बदलायचा प्रश्न नाही. सरांची फोर-स्ट्रोक. हिच्या पोटात तेच ऑइल फिरत राहतं, आणि पोट लहान. आपल्या साध्या गाडीत लिटरभर बसतं, हिच्यात त्याहून कमी. थोडं ऑइल, पहिला गियर, वारा नाही. मला लगेच भागवतअण्णांचं कोळपं आठवलं.

"सर, हिला किलोमीटर बघायचेच नाहीत. दहा तास चालली की माझ्याकडं आणायची."

सरांनी स्टॉपवॉच वर केलं. "हे आहेच. कंपनीचं पुस्तकसुद्धा मोबाइलवर आहे, मिस्त्री. इंग्रजीत आहे. बसून वाचू या का?"

दुकानात चार माणसं होती. माझं इंग्रजी डब्यावरच्या नावापुरतं. गिऱ्हाइकानं वाचायचं आणि इंजिन स्पेशालिस्टनं ऐकायचं, हे काही मला रुचेना. मी म्हणालो, "सर, मिस्त्रीला पुस्तक लागत नाही."

सरांनी मोबाइल खिशात ठेवला.

पुढचं वर्ष-सव्वा वर्ष त्यांनी जी शिस्त पाळली तशी पाळणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही. दहा तास भरले की सकाळी शाळेत जाताना गाडी लावून जायचे, संध्याकाळी न्यायचे. इंजिनाखाली दगडांपासून संरक्षणाला जाड पत्रा होता आणि त्या पत्र्याला एक भोक. भोकातून बोल्ट दिसायचा. तो काढायचा, ऑइल काढायचं, नवं भरायचं. असं पाच वेळा केलं. दर वेळी ऑइल जवळजवळ स्वच्छ निघायचं आणि मी सरांना अभिमानानं सांगायचो, "बघा, वेळेवर बदललं की इंजिन कसं खुश राहतं."

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या बाजूला एका डोंगरावर स्पर्धा होती. सर कधी कशात बोलून न दाखवणारे, पण त्या वेळी म्हणाले, "मिस्त्री, एकदा तरी पूर्ण करायचीय. गुडघ्यांचा डॉक्टर म्हणतो, हे वर्ष ठीक, पुढचं सांगत नाही." स्पर्धा रविवारी होती. बुधवारी त्यांनी गाडी आणून लावली. वरच्या बाजूला बारीक टिकटिक येतेय, म्हणाले.

टिकटिक मलाही ऐकू आली. दगड लागून काही वाकलंय का बघावं म्हणून मी पहिल्यांदाच खालचा तो जाड पत्रा पूर्ण काढला. पत्र्याच्या आड, पलीकडच्या बाजूला, दुसरा एक बोल्ट होता. त्याच्या खाचेत वाळलेली माती घट्ट बसलेली. वर्षानुवर्षं पाना न लागलेल्या बोल्टवर असते तशी.

मी खाली बसलो. 

आपल्या नेहमीच्या गाडीत इंजिनाला, क्लचला आणि गियरला एकच ऑइल असतं. एक पोट, एक बोल्ट. पंचवीस वर्षं मी तेच पाहिलेलं. या गाडीला दोन पोटं होती. मी पाच वेळा मोठ्या इतमामानं बदललं ते गियर-क्लचचं ऑइल होतं. इंजिनाच्या ऑइलला माझा हात लागलाच नव्हता. वर त्याचं वेगळं टोपणही होतं. हवा जायची कसली तरी जागा असेल, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

बोल्ट काढला. आलं तेही थोडंच. पाऊण लिटर असायला हवं तिथं चहाचे दोन कप निघाले. काजळीसारखं काळं, आणि उन्हात धरलं तर आत बारीक चमकी. ती चमकी म्हणजे सरांचं इंजिन.

नवं ऑइल भरलं, ऑइल गाळणारी जाळी साफ केली. टिकटिक कमी झाली, गेली नाही. आता माझ्यापुढं सोपा रस्ता होता. पत्रा बसवायचा, तोंड मिटायचं. सरांना काही कळणार नव्हतं. गाडी जुनीच होती, काही झालं तर वयावर ढकलता आलं असतं. आमच्या धंद्यात वय फार उपयोगी पडतं. दोन दिवस मी तसाच होतो. गुरुवारी जेवताना सुमन म्हणाली, "घास कावून जाईना?" मी म्हणालो, दात दुखतोय. तिनं लवंग दिली. ती मी चावली.

शुक्रवारी संध्याकाळी सर गाडी न्यायला आले. किक मारली, आवाज ऐकला, चेहरा खुलला. "वा मिस्त्री, बराच फरक आहे!" ते एक वाक्य ते बोलले नसते तर कदाचित मी गप्प बसलो असतो. मी बाकाखालचं घमेलं ओढून पुढं ठेवलं.

"सर, हे तुमच्या इंजिनातलं."

"एवढं काळं? दर वेळी तर स्वच्छ निघतं म्हणता."

"दर वेळी मी गियरचं बदलत होतो. इंजिनाचं वेगळं आहे हे मला परवा कळलं."

सरांनी घमेल्यात पाहिलं. मग नकळत स्टॉपवॉच हातात घेतलं. "म्हणजे पन्नास तास?"

"तुमचे पन्नास. आधीच्या मालकाचे किती, ते देव जाणे."

"मी विचारलं होतं, पुस्तक वाचू का."

"हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

ते त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावू नये असं फार वाटत होतं. त्यांनी लावलं नाही. शाळेत पोरांवर ओरडणारा आवाज मी मैदानाबाहेरून ऐकलाय, तो आवाज त्यांनी काढला असता तर बरं झालं असतं. त्यांनी घमेलं परत बाकाखाली सारलं. मग विचारलं, "रविवारी चालेल का?"

"चालेल किंवा मधेच बसेल. उघडल्याशिवाय सांगता येत नाही. आणि उघडलं तर रविवारच्या आत परत जोडायला सामान नाही."

"बसलं तर?"

"आवाज वाढल्यावर लगेच बंद केलं तर वाचेल. चालवत राहिलात तर आतलं सगळं जाईल. याचे पार्ट इथं मिळत नाहीत सर. मग गाडी संपली."

"वर हेल्मेट घालून मला ती टिकटिक ऐकू येणार नाही." सर थांबले. "तुम्ही चला. खाली उभं राहून ऐकत राहा. वाढली की हात वर करा, मी बंद करतो."

पंचवीस वर्षांत मला कुणी इतकं अवघड काम सांगितलं नव्हतं.

शनिवारी आम्ही पिकअपमध्ये गाडी घालून निघालो.  अहिल्यानगरच्या अलीकडं सरांनी एक संत्रं सोलून अर्धं मला दिलं.

रविवारी डोंगरावर पंचवीस-तीस गडी होते. बहुतेक सरांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. खडकांचे सहा टप्पे आखलेले, दोन फेऱ्या करायच्या. मी सरांच्या मागं टप्प्याटप्प्यानं पळत होतो, पोट सांभाळत. लोक गाडी बघत होते, मी डोळे मिटून ऐकत होतो. शेजारच्या एकानं विचारलं, "काका, चक्कर येतेय का?"

पहिल्या फेरीत सरांचा पाय फक्त तीनदा टेकला. त्या पोरांमध्येही टाळ्या पडल्या. मलाच वाटलं, अरे, हा माणूस आपल्याकडं सहावीच्या मुलांना कवायत शिकवतो! टिकटिक तेवढीच होती. दुसऱ्या फेरीचे चार टप्पे झाले, तरी तेवढीच. दोन राहिले. पाचव्यात छातीइतका उंच खडक होता. सरांनी पुढचं चाक वर टेकवलं, थ्रॉटल पिळला, आणि तो आवाज आला. टिकटिकीची टकटक झाली.

माझा हात खालीच राहिला. एक टप्पा तर आहे, मी मनात म्हणालो. हा आणि अजून एक. होईल की! हे मी लिहितोय तेवढा वेळ काही लागला नाही, दोन सेकंद गेले असतील. पण ते दोन सेकंद माझे होते आणि इंजिन सरांचं होतं. मी हात वर केला.

सर खडकाच्या अगदी वर पोचले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि त्याच क्षणी इंजिन बंद केलं. गाडी जागच्या जागी थांबली आणि सरांनी पाय टेकवला. एकाला वाटलं पेट्रोल संपलं, तो बाटली घेऊन धावला. सरांनी हेल्मेट काढलं. गाडी हातानं खाली उतरवायला मी पुढं झालो. ती आम्ही दोघांनी मिळून उतरवली. ते म्हणाले, "गरम आहे, हात सांभाळा." 

सोमवारी दुपारी घरी पोचलो. सुमननं पाणी दिलं आणि विचारलं, "काय झालं सरांचं?" मग मी सगळं सांगितलं, दोन बोल्टांपासून. दात दुखत नव्हता हेही सांगितलं. ती धान्य निवडत ऐकत होती.

"लई वाईट वाटलं असंल त्यांना."

"दोन टप्पे राहिले होते."

"आन् इंजिन?"

"वाचलं असावं. उघडून बघायचंय. सर शनिवारी गाडी आणतो म्हणाले."

तिचा हात थांबला. "कुणाकडं?"

"माझ्याकडंच."

सुमननं सुपातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "मग दुकानात एक धड खुर्ची न्या त्यांच्यासाठी. ह्या खेपेला ते काई गाडी लावून शाळेत जायचे न्हाईत."